शेवटचं कोण?

स्पेनमधल्या ग्रानादा शहरात आल्हांब्रा या गढीच्या समोरच्या टेकडीवर आल्बाइसिन ही जुनी वस्ती आहे, आणि त्या वस्तीच्या माथ्यावर प्लासा लार्गा नावाचा लहानसा चौक. सकाळी तिथे भाजीचा बाजार भरतो. टोमॅटो, लसणाच्या माळा, चपट्या हिरव्या शेंगा, उन्हाळा सरताना अंजिरं. भाजीच्या गाळ्यापुढे बायका असतात, पण रांग कुठे दिसत नाही. एक जण सावलीला उभी, दुसरी फुलवालीशी बोलण्यात गुंतलेली, तिसरी भिंतीच्या कट्ट्यावर टेकलेली. एवढ्यात नवी बाई येते, चाकांची पिशवी उभी करते आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, ‘किएन एस ला ऊल्तिमा?’ शेवटची कोण? फुलवालीशी बोलणारी मान न वळवता हात वर करते, ‘यो.’ मी.

झालं. नव्या बाईने त्या एकीवर लक्ष ठेवायचं, बाकी कुणाशी तिला कर्तव्य नाही. तिच्यानंतर जी येईल तिला ती स्वतः ‘यो’ म्हणून सांगेल. अशी एक न दिसणारी रांग त्या चौकात सकाळभर सरकत असते. कुणी कुणाला मागे खेचत नाही, कुणी मध्ये घुसत नाही. म्हाताऱ्या बायका हेच वेगळ्या तऱ्हेने विचारतात: ‘किएन दा ला बेस?’ पाळी कोण देतंय? हा प्रश्न न विचारता गाळ्यापुढे नुसतं उभं राहिलेलं माणूस तासभर उभंच राहू शकतं. त्याला कुणी हाकलत नाही, पण रांगेच्या हिशेबात ते नसतंच.

प्लासा लार्गात पहिल्यांदा कुणीतरी मला ‘शेवटची कोण’ विचारलं आणि मी ‘यो’ म्हटलं, तेव्हा मला फार आनंद झाला. पुण्यात वर्गात बसून स्पॅनिशची क्रियापदं पाठ केली होती, जाड पुस्तकं वाचली होती, पण या भाषेत आपल्याला जागा आहे असं त्या सकाळी पहिल्यांदा वाटलं. ग्रानादात राहायला मी आले होते ते कान तयार करायला. वाचता येत होतं, बोलताही बऱ्यापैकी येत होतं, पण समोरच्याने सहज काही विचारलं की ते हातातून निसटायचं. एखादी भाषा येते की नाही हे तिच्यातल्या साध्या, रोजच्या प्रश्नांपाशी ठरतं, अशी माझी खात्री झाली आहे. उत्तर आपल्या मनाप्रमाणे, आपल्या गतीने देता येतं. प्रश्न मात्र दुसऱ्याचा असतो, त्याच्या घाईत आणि त्याच्या उच्चारात येतो.

वर्गातले प्रश्न पूर्ण वाक्यात असायचे. वाचनालय कुठे आहे, तुमच्या भावाचा व्यवसाय काय, रविवारी तुम्ही काय करता. ग्रानादातल्या न्याहारीच्या दुकानात असलं कुणी काही विचारत नाही. तिथला पहिला प्रश्न असतो, ‘मेदिया ओ एंतेरा?’ अर्धी की अख्खी? काय अर्धं, हे विचारणारा सांगत नाही. ग्रानादा ज्यात येतं त्या सगळ्या आंदालुसिया प्रांतात न्याहारीला तोस्तादा खातात, म्हणजे पाव उभा चिरून भाजलेला. त्याचा एक तुकडा घेतला तर मेदिया, दोन्ही घेतले तर एंतेरा. मग ‘तोमाते?’ किसलेला टोमॅटो वर हवा का? मग ‘आसेइते?’ ऑलिव्हचं तेल घालू? तेवढ्यात तो कॉफीच्या यंत्राकडे वळलेला असतो आणि पाठमोराच विचारतो, ‘ला लेचे, काल्येंते?’ दूध गरम? इतक्या प्रश्नांत क्रियापद एकही नाही. निम्मा प्रश्न तोंडात, निम्मा समोरच्या लाकडी फळीवर, पावाच्या आणि तेलाच्या बुधल्याच्या रूपात. पाव आणि तेल ओळखीचं झालं की ते प्रश्न नीट ऐकू यायला लागतात. शब्द कानावर पडण्याआधी मन त्याची वाट पाहत असावं लागतं. मराठीत ‘कटिंग की फुल?’ कळायलाही टपरी माहीत असावी लागतेच.

म्हणून मी शब्दांच्या याद्या करणं सोडलं आणि जागांकडे पाहायला लागले. प्रत्येक जागेचे प्रश्न ठरलेले असतात आणि ते मोजकेच असतात. दुकानात ‘के ते पोंगो?’, तुला काय घालू, म्हणजे काय देऊ. त्यानंतर ‘आल्गो मास?’, आणखी काही. हॉटेलात, गाडीत, बाकावर शेजारची जागा दाखवून ‘एस्ता लीब्रे?’, रिकामी आहे का. दार उघडं असलं तरी उंबऱ्यावर थांबून ‘से प्वेदे?’, येऊ का. खालच्या दाराची घंटा वाजवली की वरून भिंतीतल्या जाळीतून आवाज येतो, ‘किएन?’, आणि त्याला उत्तर द्यायचं ‘यो’. नाव सांगायची गरज पडत नाही, आवाजावरून ओळखतात. रस्त्यात कुणी मनगटाला बोट लावून ‘त्येनेस ओरा?’ विचारलं तर त्याला किती वाजले ते हवं असतं. आणि ‘के ताल?’ हा कसं काय, जाता जाता टाकलेला. विचारणारा तोवर दोन पावलं पुढे गेलेला असतो, उत्तरही चालता चालताच द्यायचं, ‘बिएन, इ तू?’

दुकानातून निघताना पैसे द्यायचे तेव्हा गिऱ्हाईक विचारतं, ‘मे कोब्रास?’ माझे पैसे घेतोस का? ‘कृपया’साठी स्पॅनिशमध्ये शब्द आहे, वर्गात तो पहिल्याच दिवशी शिकवतात, पण ग्रानादात मी तो फारसा ऐकला नाही. आर्जव प्रश्नातच असतं. मला हे परकं वाटलं नाही. आपणही ‘कृपया चहा द्या’ म्हणत नाही, ‘एक चहा देता का?’ म्हणतो. सभ्यता वेगळी चिकटवायची नाही, वाक्याच्या चालीत ठेवायची, ही रीत दोन्हीकडे एकच.

चालीचं सांगायला हवं, कारण खरी मेख तिथे आहे. स्पॅनिशमध्ये हो-नाहीच्या प्रश्नाला काहीच खूण नाही. आपल्याकडे ‘येतेस’च्या पुढे ‘का’ जोडला की प्रश्न झाला. स्वर चढवला नाही तरी चालतं. स्पॅनिशमध्ये ‘बिएनेस’ म्हणजे तू येतेस आणि ‘बिएनेस?’ म्हणजे येतेस का. शब्द तेच, क्रम तोच. फरक फक्त शेवटी चढणाऱ्या सुराचा. ‘कुठे, केव्हा, कोण’चे प्रश्न मात्र उलट वागतात. त्यांचा सूर साधारणपणे शेवटी उतरतो. ‘दे दोंदे एरेस?’, तू कुठली, हे स्पॅनिश माणूस विचारतो तेव्हा वाक्य खाली येऊन थांबतं, आणि मराठी कानाला ते जबाब घेतल्यासारखं वाटतं. त्यात ग्रानादाच्या माणसांचा तुटकपणा अख्ख्या स्पेनमध्ये प्रसिद्ध. त्याला त्यांनी ‘मालाफोया’ असं खास नावही दिलेलं आहे आणि ते मिरवतात. कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई मान वर न करता नुसतं ‘के?’ म्हणायच्या. काय? त्या ‘के’मध्ये राग नव्हता, हे त्यांनी न मागता पिशवीत घातलेल्या जास्तीच्या पावावरून कळलं. सूर खाली गेला म्हणजे माणूस रागावला असं नाही, ही गोष्ट कोणत्याही व्याकरणाच्या पुस्तकात पहिल्या पानावर छापायला हवी.

सुरावर एवढं अवलंबून असल्यामुळेच स्पॅनिश लिहिताना प्रश्नाच्या सुरुवातीला उलटं प्रश्नचिन्ह घालतात. माद्रिदची शाही भाषा अकादमी १७१३ साली स्थापन झाली, आणि तिच्या शुद्धलेखनाच्या १७५४ सालच्या आवृत्तीत हे चिन्ह सांगितलं गेलं. कारण अगदी व्यावहारिक होतं. मोठा प्रश्न मोठ्याने वाचणाऱ्याला शेवटचं चिन्ह दिसेपर्यंत उशीर झालेला असतो; सूर कुठून धरायचा हे त्याला आधीच कळलं पाहिजे. ते चिन्ह सगळीकडे रुळायला पुढे बराच काळ जावा लागला. आपल्याकडे विरामचिन्हं आणण्याचं श्रेय मेजर कँडी यांना देतात, आणि ती इंग्रजी वळणाची आली. मराठीचं त्यामुळे फारसं अडलं नाही, कारण आपला ‘का’ हे काम आधीपासून करत होता. स्पॅनिशला ते उलटं चिन्ह खरोखरच हवं होतं. ग्रानादात फळ्यावर खडूने लिहिलेल्या पाट्यांवर ते दिसलं की मला त्या अकादमीतल्या पंडितांविषयी माया वाटायची. त्यांनी भाषा ऐकून मग नियम केला होता.

प्रश्नार्थक शब्दाची जागाही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मराठीत तो बहुधा क्रियापदाच्या अलीकडे येतो: ‘तू गावाला कधी जाणार?’ तोवर ऐकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो. स्पॅनिशमध्ये तो अगदी पहिला येतो, आणि त्याला चिकटणारं अव्यय त्याच्याही आधी. ‘आ के ओरा’, ‘कोन किएन’, ‘पारा क्वांदो’. बोलणाऱ्याने तोंड उघडलं त्या क्षणी कान तिथे हवा. पहिलं अक्षर निसटलं तर पुढचं सगळं ऐकूनही काय विचारलं ते कळत नाही. ‘क्वांदो’ म्हणजे केव्हा आणि ‘क्वांतो’ म्हणजे किती. दोन्हींत फरक एका द-तचा. इथे मराठी कान उपयोगी पडतो. आपले त, द, प, क जसे आहेत जवळजवळ तसेच त्यांचे आहेत, दाताला जीभ लावून, श्वास न सोडता. माझ्याबरोबर शिकवणीला येणारी इंग्लंडची मुलगी त्या त-दपाशी रोज झगडायची.

आणखी एका बाबतीत आपण भाग्यवान आहोत. ‘ते गुस्ता?’ हा प्रश्न मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ‘तुला आवडतं का?’ आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला ती आवडते ते माणूस चतुर्थीत. दुखणंही तसंच: ‘ते द्वेले?’, तुला दुखतंय का? इंग्रजीतून स्पॅनिशकडे येणाऱ्याला ही रचना उलटी वाटते, त्याला ती डोक्यात फिरवून घ्यावी लागते. आपल्याला ती जशीच्या तशी उचलता येते. वाक्याच्या शेवटचा त्यांचा ‘नो?’ आणि आपला ‘ना?’ यांचंही तेच. ‘एस बोनीतो, नो?’ छान आहे, ना? मराठी मुलांना स्पॅनिश शिकवताना इंग्रजीची शिडी लावायची काय गरज, असा प्रश्न मला तिथे वारंवार पडला. वाट सरळ असताना आपण लांबून वळसा घेतो आणि वाटेत दमतो. स्पॅनिश मराठीतून शिकवणारं चांगलं पुस्तक हातात असतं तर माझा कितीतरी वेळ वाचला असता.

पण वर्गातली स्पॅनिश आणि ग्रानादातली स्पॅनिश यांच्यामध्ये एक ‘स’ उभा असतो, किंवा नसतो. आंदालुसियात शब्दाच्या शेवटचा ‘स’ विरून जातो. व्याकरणात तर त्या ‘स’वर सगळं अवलंबून: ‘किएरेस’ म्हणजे तुला हवंय, ‘किएरे’ म्हणजे त्याला, तिला किंवा आदराने ‘आपल्याला’ हवंय. ‘स’ गेला तर तू आणि आपण एकच होणार. पण तसं होत नाही. ग्रानादाच्या आणि एकूण पूर्व आंदालुसियाच्या बोलीत जिथे ‘स’ गळतो तिथला स्वर रुंदावतो. ‘के किएरे?’ म्हणजे आदरार्थी, आणि ‘के किएरॅ?’ म्हणजे अरे-तुरेतलं. आपल्या ‘बेत’ आणि ‘बॅट’मध्ये जसा तोंडाचा फरक पडतो तसाच साधारण. माझ्या वहीत मी हे देवनागरीत लिहून ठेवायला लागले आणि एकदम सुटलं. रोमन लिपीत त्या उघड्या ‘ए’साठी सोयीचं अक्षर नाही, आपण इंग्रजी शब्दांसाठी घडवलेला ‘ॲ’ तिथे नेमका बसला. शिकवणीतल्या बाईंना ती वही दाखवली तेव्हा त्यांनी ‘किएरॅ’, ‘लॅ निन्यॅ’ असले शब्द माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले.

राहायला मला जागा मिळाली होती ती एका सत्तरी ओलांडलेल्या बाईंच्या घरात, रेआलेहो या भागात. प्रश्नांची खरी शाळा ते घर. मी त्यांच्याशी ‘उस्तेद’ लावून, आदरार्थी बोलायची. वयाने आईएवढ्या बाईंना ‘तू’ म्हणायला जीभ वळत नव्हती. त्यांनी सरळ विचारलं, मला परकी समजतेस का? स्पेनमध्ये आता दुकानदार, बसचालक, डॉक्टर, सगळेच पटकन ‘तू’वर येतात. म्हातारी माणसं आणि कागदोपत्री कामं सोडली तर ‘उस्तेद’ दूर ठेवल्यासारखा लागतो. आपल्याकडे आईला ‘तू’ म्हणतो आणि सासूबाईंना ‘तुम्ही’, तसा जवळिकीचा हिशेब तिथेही आहे, पण त्याची रेघ वेगळ्या ठिकाणी आखलेली आहे. मी ‘तू’ म्हणायला लागले त्या दिवसापासून बाई मला ‘इहा’, म्हणजे पोरी, म्हणू लागल्या आणि प्रश्नांचा पाऊस सुरू झाला.

‘आस कोमीदो?’ जेवलीस का? हा प्रश्न ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. पण वेळ निराळी. दुपारी दोनच्या आधी तो कुणी विचारत नाही आणि साडेतीनलाही तो चालतो. रात्रीचं जेवण नऊ-दहाला. यामागे घड्याळाचाही हात आहे. स्पेनचा बहुतेक भाग भूगोलाने ग्रिनिचच्या रेषेवर आणि तिच्या पश्चिमेला आहे, पण १९४० साली फ्रांकोच्या राजवटीत घड्याळं तासभर पुढे सारली गेली, जर्मनीच्या वेळेला जुळवून, आणि ती पुन्हा मागे आली नाहीत. सूर्य आपल्या वेळेने चालतो, घड्याळ एक तास पुढे, उन्हाळ्यात दोन तास. पोट बहुधा सूर्याच्याच बाजूने आहे. घड्याळात दोन वाजले तरी बाईंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ऊन बाराचं असायचं.

जेवलीस का, हे विचारून त्या थांबत नसत. काय जेवलीस? कुठे? कुणाबरोबर? आणि माझ्या प्रत्येक उत्तरावर ‘इ एसो?’ ते का बरं? हा छोटा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो. आज उशीर झाला, म्हटलं की ‘इ एसो?’ मांस खात नाही, म्हटलं की ‘इ एसो?’ विचारणारा उत्तराला अडवत नाही, चौकशीचा बोजाही टाकत नाही, फक्त दार थोडं उघडून धरतो. आत जायचं की नाही ते आपण ठरवायचं. शाकाहाराची गोष्ट समजावताना त्या मन लावून ऐकायच्या, आणि शेवटी हळूच, ‘हामोन ताम्पोको?’ म्हणजे हामोनसुद्धा नाही? वाळवलेल्या डुकराच्या मांसाच्या त्या पातळ चकत्या तिथे इतक्या घरच्या आहेत की पुष्कळांच्या मनात ‘मांस’ म्हटल्यावर त्या येतच नाहीत. ‘कोमेस दे तोदो?’, तू सगळं खातेस का, हा प्रश्न म्हणूनच तिथे पाहुण्याला आधी विचारतात. त्याला स्पष्ट उत्तर द्यावं. यजमान त्यावरून बाजार करणार असतो.

माझ्यासाठी बाईंनी बेरेन्हेनास कोन म्येल केली: वांग्याच्या कापांना पीठ लावून तळायचं आणि वरून उसाचा दाट काळपट पाक सोडायचा. तो पाक म्हणजे आपली काकवीच. ग्रानादाच्या दक्षिणेला मोत्रिलच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं ऊस झाला, अरबांनी आणलेला. मी पहिला घास घेतला आणि त्यांनी विचारलं, ‘ते गुस्ता?’ मी म्हटलं, ही चव मला लहानपणापासून माहीत आहे. ‘इ एसो?’ मग मी त्यांना गुऱ्हाळाबद्दल सांगितलं. चुलवण, काहील, रस आटताना येणारा वास. स्पॅनिशमध्ये एवढं सलग मी तोवर कधी बोलले नव्हते, आणि ते त्यांच्या त्या दोन शब्दांमुळे बोलले.

आल्हांब्राबद्दल इथे लिहीत नाही. तिच्यावर पुष्कळांनी लिहिलंय आणि तिथे मला कुणी काही विचारलं नाही.

आल्बाइसिनच्या अरुंद गल्ल्यांतून तांबड्या रंगाच्या लहान बसगाड्या चढतात. भिंतींना आरसे घासतील इतक्या जवळून. थांबा आला की दाराशी उभ्या असलेल्याला मागचा विचारतो, ‘बाहॅ?’ उतरतेस? नाही म्हटलं तर बाजूला सरायचं, हो म्हटलं तर तो निर्धास्त. मुंबईच्या लोकलमध्ये डब्याच्या दारातल्या माणसाला मागून ‘दादर?’ एवढंच विचारतात, आणि विचारणारा गोरेगावपासून हे ठरवून उभा असतो. त्यामुळे हा प्रश्न पहिल्याच दिवशी कळला. शब्द कळायच्या आधी कळला, असंही म्हणता येईल.

ग्रानादाहून दक्षिणेला सिएर्रा नेवादाच्या पलीकडच्या उतारावर आल्पुहार्रा हा डोंगरी मुलूख आहे. बस लान्हारोन आणि ओर्हीवा या गावांवरून दोन-अडीच तास वळणं घेत वर जाते आणि पोकेइरा नदीच्या खोल दरीत पाम्पानेइरा, बुबियोन, कापिलेइरा ही तीन गावं एकावर एक दिसू लागतात. घरं पांढरी, धाबी मातीची, सपाट, आणि त्यांतून डोकावणारी टोपी घातलेली धुराडी. कापिलेइरा सगळ्यांत वर, १,४०० मीटरच्या थोडं वर. तिथल्या चौकात एक आजी कुठल्याशा पोराला थांबवून विचारत होती, ‘इ तू, दे किएन एरॅ?’ आणि तू रे कुणाचा? पोराने आईवडिलांची नावं न सांगता घराण्याचं पडलेलं नाव सांगितलं, आणि आजीने मान डोलावून त्याला सोडलं. आपल्या खेड्यात गावाबाहेरून आलेल्या नातवाला पारावर जे होतं तेच.

आल्पुहार्राला पाणी वितळलेल्या बर्फाचं. ते आसेकियांतून, म्हणजे पाटांतून, डोंगराच्या कडेकडेने उतरवलेलं आहे. ही व्यवस्था मुसलमान राजवटीतली, हजारएक वर्षं जुनी. काही पाट असे आहेत की ते पाणी मुद्दाम वरच्या उतारावर मुरवतात, ते खडकातून सावकाश झिरपत उन्हाळ्यात खाली झऱ्यांना फुटतं. १५६८ साली इथल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, बंड केलं, ते १५७१पर्यंत मोडून काढलं गेलं आणि त्यांच्यापैकी बहुतेकांना मुलखातून हाकललं. त्यांच्या घरांत उत्तरेकडची माणसं आणून वसवली. नव्यांना पाटांची विद्या कळावी म्हणून काही मोरिस्को कुटुंबं मागे ठेवली, अशी आठवण या भागात सांगतात. हाकललेल्यांचे पाट आणि त्यांचे शब्द मात्र राहिले. ‘आसेकिया’ हा शब्दच अरबी. अलीकडे ग्रानादा विद्यापीठातली माणसं गावकऱ्यांना आणि स्वयंसेवकांना घेऊन बुजलेले पाट पुन्हा मोकळे करत आहेत.

अशाच एका पाटाच्या कडेने मी चालत होते. एक म्हातारे शेतकरी फावड्याने मातीचा बांध फोडून पाणी आपल्या बदामांकडे वळवत होते. त्यांनी विचारलं, कुठून आलीस? भारतातून. ‘इ एसो?’ मग मी सांगितलं, भाषा शिकायला. त्यांना ते पटलेलं दिसलं. ‘इ आयी युएबे?’ आणि तिकडे पाऊस पडतो? मी म्हटलं, पडतो, पण माझ्या आजोळी कमीच, धुळ्याकडे, आणि तिथेही असे पाट आहेत. पांझरा नदीवर बंधारे घालून पाणी फडांना देतात, जुन्या काळापासून. हे ऐकल्यावर त्यांनी फावडं उभं केलं.

त्यानंतरचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे होते. ‘आ किएन ले तोका?’ पाळी कुणाची? आणि ते कोण ठरवतं? त्यांच्याकडे आसेकिएरो असतो, तो पाळ्या सांभाळतो. मी म्हटलं, आमच्याकडे पाटकरी. रात्रीही पाळी येते? येते, आजोबा कंदील घेऊन जायचे. इथेही, ते म्हणाले, पहाटे तीनला उठावं लागतं, आणि ते तीन कुणाच्या घड्याळाचे हे पाण्याला विचारावं. त्या माणसाला पैसे कोण देतं? आजोळी शेतकरीच मिळून द्यायचे. त्यांनी मान हलवली, इथेही तसंच. प्रत्येक प्रश्न ‘स’ गिळून, शब्दांची टोकं छाटून, पाण्याच्या आवाजात येत होता आणि मला एकही दुसऱ्यांदा विचारावा लागला नाही. त्या प्रश्नांची वाट मी आजोळच्या बांधावर लहानपणी पाहिलेली होती.

शेवटी ते म्हणाले, ‘इ रिन्येन?’ आणि भांडतात का?

खूप, मी म्हटलं.

ते जोरात हसले, बांधावर बसले आणि शेजारचा दगड मला दाखवला. ‘क्वेंता, क्वेंता.’ सांग, सांग. तेव्हा मी आजोबा आणि शेजारचे रामभाऊ यांच्यात दारं धरण्यावरून जुंपलेल्या भांडणाची गोष्ट अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतली.